आई गेली आणि मला तिचा राग येतो

काही प्रश्न असे असतात, की ते विचारण्यापूर्वी माणूस समुपदेशनाच्या खोलीच्या बंद दाराकडे एकदा पाहून घेतो. "गेलेल्या माणसाचा राग येणे हे पाप आहे का?" हा त्यांतला एक. हा प्रश्न मी विधवांकडून ऐकला आहे, तरुण मुलांकडून ऐकला आहे, एकदा तर ऐंशीच्या घरातल्या एका धाकट्या भावाकडून ऐकला आहे, आणि विचारणाऱ्या प्रत्येकाला वाटत असते की एवढे कृतघ्न आपणच. ज्या हकीकतीत तो मला सर्वांत अवघड रूपात भेटला ती येथे सांगते. ओळख पटेल असे सर्व तपशील बदलले आहेत आणि जिची ही हकीकत आहे तिने मजकूर वाचून संमती दिली आहे.

या बाई म्हापशाहून फोंड्याला माझ्याकडे दोन बस बदलून येत. म्हापशात समुपदेशक मिळाला नसता असे नाही. पण तिथे ज्याच्याकडे जावे तो आपल्या आईचा विद्यार्थी, सहकारी नाहीतर रुग्ण निघेल, अशी त्यांना धास्ती होती. आई मनोविकारतज्ज्ञ होत्या आणि तीस वर्षांहून अधिक काळ त्यांनी बार्देशातली माणसे तपासली होती. ज्या काळात मनोरुग्णालयाचे नाव गोव्यात भांडणात शिवीसारखे वापरले जाई, त्या काळात त्यांनी दवाखाना थाटला. पती लवकर गेले तेव्हा मुलगी नऊ वर्षांची होती आणि मुलगा पाच वर्षांचा. दोघांना त्यांनी एकटीने वाढवले. मुलगी आज उच्च माध्यमिक विद्यालयात शिकवते, मुलगा इंग्लंडात असतो. गेल्या आषाढात, चार महिन्यांच्या आजारानंतर, डॉक्टरबाई गेल्या.

पहिल्या भेटीत मुलीने पर्समधून घडी घातलेला एक कागद काढला. वर्षश्राद्धाच्या सुमारास स्मृतिसभा ठरली होती, स्मरणिका निघणार होती आणि त्यासाठी मुलीने दोन पाने लिहावीत अशी आयोजकांची विनंती होती. कागदावर एकच वाक्य होते: "माझी आई ही अनेकांची आई होती." ते तीन वेळा खोडून तीन वेळा पुन्हा लिहिलेले होते.

"हे वाक्य लिहिल्यापासून मला झोप लागत नाही," त्या म्हणाल्या. "ती अनेकांची होती हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. माझी किती होती, ते मात्र कुणी विचारत नाही."

मग तोच, दाराकडे पाहून विचारलेला प्रश्न आला. त्याच्या मागोमाग दुसराही आला, जो आजकाल बहुतेक सुशिक्षित माणसे विचारतात: शोकाचे पाच टप्पे असतात म्हणे, राग हा त्यांतला दुसरा, मग अकरा महिन्यांनंतरही मी दुसऱ्याच टप्प्यावर कशी अडकले?

या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सोपे होते, म्हणून ते आधी दिले. एलिझाबेथ क्यूब्लर-रॉस यांनी १९६९ साली जे पाच टप्पे मांडले ते मृत्यूला सामोऱ्या जाणाऱ्या रुग्णांशी झालेल्या संभाषणांवरून मांडले होते. मागे राहिलेल्या माणसांना ते पुढे लागू केले गेले आणि पाहता पाहता त्यांची शिडी झाली. शोक शिडी चढत नाही. मार्गारेट श्ट्रोबे आणि हेंक शुट या संशोधकांनी १९९९ साली जे वर्णन केले ते मला माझ्या खोलीतल्या माणसांशी अधिक जुळणारे वाटते: माणूस काही वेळ गेलेल्याकडे तोंड करतो, काही वेळ पाठ फिरवून विजेचे बिल भरायला जातो, आणि ही ये-जा हीच सावरण्याची रीत असते. गोव्यातल्या माणसाला हे समजावणे अवघड जात नाही, कारण खाडीकाठच्या खाजन शेतीच्या बांधात बसवलेले मानस, म्हणजे पाणी अडवणारे आणि सोडणारे दार, त्याने पाहिलेले असते. भरतीचे पाणी चढले की त्या पाण्याच्याच दाबाने मानशीची लाकडी दारे मिटतात आणि ओहोटी लागली की उघडून आतले पाणी बाहेर सोडतात. ती कायम उघडी राहिली तर खारे पाणी शेत नासवील, कायम मिटलेली राहिली तर आतले पाणी साचून भात कुजेल. "तुमचे मानस बिघडलेले नाही," असे मी त्यांना म्हटले, "पण एका फळीत काहीतरी अडकले आहे."

हे म्हणण्यापूर्वी जे तपासायचे ते अर्थात तपासले होते. अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेत २०२२ साली प्रदीर्घ शोक विकार या निदानाचा समावेश झाला. प्रौढ व्यक्तीच्या बाबतीत ते मृत्यूनंतर किमान १२ महिने उलटल्यावरच करता येते, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात ही मुदत किमान ६ महिन्यांची आहे. केवळ महिने मोजून मात्र निदान होत नाही. जवळजवळ रोजची, जीव कासावीस करणारी ओढ, आपलाच एक भाग मेला आहे अशी भावना, मृत्यू खरा न वाटणे, आणि या सगळ्यामुळे काम व नाती कोलमडणे, असे चित्र लागते. या बाई वर्गावर जात होत्या, वेळेवर जेवत होत्या, विद्यार्थ्यांच्या वह्या तपासत होत्या. जगणे नकोसे वाटते का, स्वतःला संपवावे असे कधी मनात येते का, हेही मी सरळ त्याच शब्दांत विचारले. असे विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो ही समजूत चुकीची आहे, आणि आडून आडून विचारले की उत्तरही आडूनच येते. त्यांचे उत्तर स्पष्ट नकाराचे होते. त्यांना जे होते ते आजारपण नव्हते.

दुसऱ्या भेटीत माझ्या हातून एक चूक झाली. त्या सांगत होत्या की वक्तृत्व स्पर्धा, वार्षिक संमेलन, दहावीचा निकाल, यांपैकी एकाही दिवशी आई वेळेवर पोचली नाही, आणि मी घाईने म्हणून गेले, "पण हे सारे त्यांनी तुमच्या दोघांसाठीच तर केले ना?" त्यांचा चेहरा मिटला. हेच वाक्य त्यांना अकरा महिने प्रत्येक भेटायला येणाऱ्याने ऐकवले होते, आणि ते पुन्हा ऐकण्यासाठी कुणी दोन बस बदलून येत नाही. पुढची पंधरा मिनिटे आम्ही शाळेच्या वेळापत्रकावर बोललो. तिसऱ्या भेटीच्या सुरुवातीला मी चूक कबूल केली, तेव्हा कुठे त्यांनी सोप्याची गोष्ट सांगितली.

घराला जुन्या पद्धतीचा सोपा होता. संध्याकाळी आई दवाखान्यातून आली की पायऱ्या चढून आत येत नसे. चपला काढून, पर्स मांडीवर घेऊन, सोप्याच्या कडेला भिंतीशी पाठ टेकून दहा मिनिटे बसे. या दहा मिनिटांत कुणी बोलायचे नाही, असा नियम होता. मोलकरीण चहा आणून ठेवी आणि तो बहुधा निवून जाई, वर साय धरे. मुलगी आतल्या खोलीच्या उंबऱ्यावर बसून भिंतीवरच्या घड्याळाचा काटा पाही. "दहाव्या मिनिटाला ती उठे, पदर खोचे आणि माझी आई होई," त्या म्हणाल्या. "पण त्या दहा मिनिटांत ती कुणाची होती? ती माझ्या डोळ्यांसमोर बसलेली असे, आणि नसे. मला आजही राग येतो तो त्या दहा मिनिटांचा. संमेलनाला आली नाही त्याचा एवढा येत नाही."

मी त्यांना सांगितले की स्मरणिकेचा कागद बाजूला ठेवा आणि स्मरणिकेत छापता येणार नाही असे एक पान आधी लिहा. मराठीतल्या श्रद्धांजलीचा माझा अनुभव असा आहे, की मेलेल्या माणसाच्या अंगावर विशेषणांची इतकी शाल-श्रीफळे चढतात की खाली माणूस दिसेनासा होतो. कनवाळू, सेवाव्रती, त्यागमूर्ती. ही विशेषणे या बाईंच्या आईच्या बाबतीत खोटी नव्हती, आणि नेमकी म्हणूनच मुलीला ती बोचत होती. खोट्या स्तुतीवर माणूस निदान मनातल्या मनात हसू तरी शकतो.

पान लिहून झाले. चार पाने झाली. ती मी वाचली नाहीत, वाचायची नाहीत असे आधीच ठरले होते.

या दरम्यान एक वेगळीच अडचण पुढे आली, आणि तिच्याविषयी थोडे विस्ताराने लिहायला हवे, कारण डॉक्टर, वकील किंवा समुपदेशक यांच्या घरच्या माणसांना ती केव्हा ना केव्हा भेटतेच. डॉक्टरबाईंनी रुग्णांविषयी घरात कधी चकार शब्द काढला नव्हता. काही रुग्ण लोकलज्जेपोटी तिन्हीसांजेला घराच्या मागच्या दारी येत; मुलांना त्यांची तोंडे पाठ होती, पण आईचा दंडक असा, की अशी व्यक्ती शुक्रवारच्या बाजारात समोर आली तरी आपण होऊन ओळख दाखवायची नाही; तिने दाखवली तर दाखवायची. आई गेल्यानंतर बाराव्या दिवसापर्यंत अनोळखी माणसे घरी येत राहिली. कुणी सोप्यावर बसून नुसते रडत, कुणी नारळ ठेवून निघून जात, एका गृहस्थांनी तर या बाईंच्या भावाला मिठी मारून "आता मी काय करू" असा हंबरडा फोडला. या माणसांचे दुःख खरे होते, पण ते दुःख करण्याचा हक्क त्यांना समाज देत नाही. डॉक्टर गेली म्हणून कुणाला रजा मिळत नाही, आणि ती आपली कोण होती हे चारचौघांत सांगायचे तर आपला आजारही सांगावा लागतो. केनेथ डोका यांनी १९८९ साली अशा दुःखाला वेगळे नाव देऊन त्याकडे लक्ष वेधले. पण जी मुलगी स्वतःच रडू शकत नव्हती, तिला दुसऱ्यांचे हे रडणे आपल्या वाट्याचे कुणी उचलून नेल्यासारखे वाटले.

आणि घरात दोन लोखंडी कपाटे भरून केसपेपर होते.

"त्यांत ती असेल," त्या म्हणाल्या. "तिचे अक्षर असेल, तिने काय विचारले ते असेल. माझ्यापेक्षा तिला जे लोक अधिक ओळखत होते ते असतील. मी एक फाईल उघडली होती. दोन ओळी वाचल्या आणि बंद केली."

अशा वेळी समुपदेशकाने अशिलाच्या भावनेला मान देऊन गप्प राहावे असे काहींना वाटेल. मला तसे वाटत नाही. मी स्पष्ट सांगितले की पुढचे पान वाचू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे, आणि डॉक्टर गेल्याने रुग्णाचा हक्क जात नाही. पण कायद्यापेक्षा मला सांगायचे होते ते असे, की त्या कागदांत आई सापडली नसती. तिथे डोस असतात, झोपेचे तास असतात, दुसऱ्यांच्या घरातली रडारड असते. शेवटी आईच्या एका सहकारी मनोविकारतज्ज्ञांशी त्यांनी संपर्क साधला आणि कागदपत्रे त्यांच्या ताब्यात दिली. त्यातून एक निकडीचे कामही झाले: डॉक्टरबाई गेल्यानंतर काही रुग्णांनी दुसरीकडे न जाता गोळ्याच थांबवल्या होत्या, त्यांना निरोप गेले. मनोविकाराची औषधे अशी मध्येच, स्वतःच्या मनाने बंद करणे धोक्याचे असते. लिथियमसारखे औषध तर रक्त वेळोवेळी तपासूनच घ्यायचे असते. ज्याचा डॉक्टर असा अचानक हरवतो त्याने जुनी चिठ्ठी घेऊन बांबोळीच्या मनोविकार संस्थेत किंवा जवळच्या जिल्हा इस्पितळात जावे, आणि काहीच सुचत नसेल तर निदान १४४१६ या क्रमांकावर, म्हणजे टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी दूरध्वनी सेवेवर, बोलावे. ती सेवा २०२२ पासून चालू आहे आणि तिथे मराठीतूनही बोलता येते.

केसपेपर घराबाहेर गेले, कपाटे रिकामी झाली, आणि दुसऱ्या कपाटाच्या खालच्या खणात आईच्या रोजनिशा निघाल्या. रोजनिशी म्हणजे औषध कंपन्या नववर्षाला वाटतात त्या जाड वह्या. त्यांत मनोगत वगैरे काही नव्हते. दुधाचा हिशेब, शाळेची फी, धाकट्याच्या दातांच्या डॉक्टरची वेळ, "बेबीला निळी रिबन". ही बेबी म्हणजे मला भेटायला येणाऱ्या बाई. संमेलनाच्या दिवशीच्या पानावर लिहिले होते: "४ वाजता बेबीचा कार्यक्रम. तीन वाजल्यानंतर कुणाला बोलावायचे नाही." त्यावर आडवी रेघ होती आणि खाली, बारीक अक्षरात, एवढेच: "गेले नाही."

ती वही त्या माझ्याकडे घेऊन आल्या. कुठल्याही गोष्टीत या ठिकाणी मुलीच्या डोळ्यांतून अश्रू वाहू लागतात आणि राग विरघळतो. इथे तसे झाले नाही. त्यांनी बोट त्या रेघेवर ठेवले आणि म्हटले, "तिने लिहिले आहे. म्हणजे तिला माहीत होते." राग उलट वाढला, दोन आठवडे वाढलेलाच राहिला, आणि मी तो वाढू दिला. आईच्या बाजूने वकिली करण्याचा मोह मला या वेळीही झाला होता, पण एक चूक पुरेशी होती. त्या दोन आठवड्यांत मात्र रागाचा पत्ता बदलला. आधी तो एका अशा आईवर होता जिला मुलीची वाट पाहणे दिसतच नव्हते. आता तो अशा बाईवर होता जिला ते दिसत होते, जिने वेळ राखून ठेवली होती, आणि जी तरीही गेली नव्हती. पहिल्या आईशी भांडता येत नाही. दुसरीशी येते, आणि ज्याच्याशी भांडता येते त्याच्यासाठी रडताही येते.

म्हणून मूळ प्रश्नाचे माझे उत्तर असे आहे: पाप तर नाहीच, तो शोकाचाच एक भाग आहे, आणि तो गेलेल्या माणसाच्या चांगुलपणाच्या विरुद्ध उभा नसतो. आई भली होती म्हणून तिचा राग येऊ नये, असे आपण स्वतःला बजावत राहतो तेव्हा रागाबरोबर आठवणीही कुलूपबंद होतात, कारण त्या एकाच खणात असतात.

या बाईंच्या बाबतीत तो खण उघडला तेव्हा पहिली बाहेर आली ती भाजीची गोष्ट. पणजीला जुन्या सचिवालयाशेजारी, संमोहनविद्येच्या आद्य अभ्यासकांपैकी एक असलेले गोमंतकीय धर्मगुरू आबे फारिया यांचा पुतळा आहे, १९४५ साली शिल्पकार रामचंद्र पांडुरंग कामत यांनी घडवलेला. संमोहित होणाऱ्या स्त्रीवर हात पसरून उभे असलेले फारिया लहान मुलांना भीतिदायकच वाटतात. मुलगी त्या पुतळ्याला घाबरे, तेव्हा आईने तिला पुतळ्यासमोर उभे करून सांगितले होते की हा कांदोळीचा मुलगा, १७५६ साली जन्मलेला, आमच्या धंद्यातला आमचा थोर पूर्वज. आख्यायिका अशी आहे, की पोर्तुगालच्या राणीपुढे प्रवचन देताना फारियांची बोबडी वळली, तेव्हा खाली बसलेले त्यांचे वडील कोंकणीतून हळूच पुटपुटले, "ही सगळी भाजी, कातर रे भाजी!" म्हणजे समोरची माणसे नुसती भाजी आहेत असे समज, आणि मुलाची जीभ सुटली. वक्तृत्व स्पर्धेच्या सकाळी आईने मुलीच्या वेण्या घालताना तेच कानात सांगितले होते. "स्पर्धेला ती आली नाही," त्या म्हणाल्या, आणि थोडे थांबून, "पण नंबर आला होता माझा. हे मी विसरूनच गेले होते."

स्मरणिकेसाठी त्यांनी दोन पाने लिहिली. "अनेकांची आई" हे वाक्य त्यांत राहिले नाही. सोप्यावरची दहा मिनिटे होती, सायीचा चहा होता, आडवी रेघ आणि तिच्याखालचे दोन शब्द होते. भावाला इंग्लंडात ती पाने पाठवली तेव्हा त्याला ती आवडली नाहीत, चारचौघांत हे कशाला, असे त्याने कळवले. त्याचा शोक वेगळ्या वाटेने चालला होता आणि त्याला तो अधिकार आहे. त्यांनी त्याच्यासाठी एक वाक्य गाळले, बाकीचे ठेवले.

सभा श्रावणाच्या पहिल्या आठवड्यात झाली. त्यानंतर त्या शेवटच्या म्हणून एकदा माझ्याकडे आल्या. सभागृह भरले होते, बोलायला उभ्या राहिल्यावर घसा कोरडा पडला, मग मनातल्या मनात भाजी कातरली, असे त्यांनी हसत सांगितले. कार्यक्रम संपल्यावर गर्दी पांगली तेव्हा दाराशी एक वयस्क बाई वर्तमानपत्रात गुंडाळलेली हळदीची पाने घेऊन उभी होती. मागच्या दारी येणाऱ्यांपैकी ती एक होती, चेहरा त्यांना लगेच आठवला. पण आईचा दंडकही आठवला, म्हणून त्या नजर न मिळवता तिच्यासमोर थांबून राहिल्या. बऱ्याच वेळाने ती बाई हसली. तेव्हा त्याही हसल्या. पाने हातात देऊन ती काही न बोलता निघून गेली.

त्या पानांत पातोळ्या केल्या का, असे मी विचारले.

"केल्या," त्या म्हणाल्या. "गूळ जास्त पडला. आईच्याही पडत असे."